प्रश्न मिठागराचा, उत्तर दिल्लीत! सभागृहाच्या कामकाजाच्या चटपटीत गोष्टी

भाईंदरच्या मिठागरांबद्दल विधानसभेत कुणी कितीही पोटतिडकीने बोललं, तरी मिठाच्या उत्पादनाचा कायदा काही मुंबईत होत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीतली ५८ वी नोंद मिठाची आहे आणि मीठ आयुक्तांचं मुख्यालय तर पार जयपूरला! त्यामुळे मिठाचा प्रश्न लोकसभेत विचारायचा, नळाच्या पाण्याचा विधानसभेत. पाणीपुरवठा राज्याच्या यादीत १७ व्या क्रमांकावर आहे. चर्चगेट लोकलची गर्दी पुन्हा दिल्लीच्या दारात, कारण रेल्वे केंद्राची. पोलिस मात्र राज्याचे.

सगळ्यात गंमत उत्तनच्या कोळी बांधवांची. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, त्यापलीकडची केंद्राच्या. एकाच बोटीवर, एकाच दिवशी, एकाच जाळ्यासाठी दोन सभागृहांचे कायदे लागू होऊ शकतात. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. बेकायदा मासेमारीवरचे दंड वाढवणारी त्यातली सुधारणा २०२१ ची. १ जून ते ३१ जुलै या काळात बोटी किनाऱ्याला लागतात आणि साधारण त्याच सुमारास विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन भरतं. समुद्र बंद असतो तेव्हा सभागृह उघडं असतं. आपलं म्हणणं तिथवर पोचवायला मच्छीमार संस्थांना यापेक्षा चांगले दिवस कुठले?

दोन आमदार, पण प्रश्न विचारणारा एकच!

मीरा-भाईंदर हा विधानसभेचा १४५ क्रमांकाचा मतदारसंघ. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ मध्ये इथे पहिली निवडणूक झाली. २००९ ला गिल्बर्ट मेंडोन्सा, २०१४ ला नरेंद्र मेहता, २०१९ ला अपक्ष गीता जैन, २०२४ ला पुन्हा नरेंद्र मेहता. चार निवडणुका झाल्या, पण लागोपाठ दोनदा कुणालाच संधी मिळाली नाही.

शहराचा काही भाग शेजारच्या १४६ ओवळा-माजिवडा मतदारसंघात येतो. तिथले आमदार प्रताप सरनाईक डिसेंबर २०२४ मध्ये परिवहनमंत्री झाले. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाही, तो उत्तरं देतो. म्हणजे प्रश्नोत्तरांच्या तासात या शहराचा एक आमदार विचारणाऱ्यांच्या बाकावर आणि दुसरा उत्तर देणाऱ्यांच्या! मतदारसंघाला मंत्रिपद मिळालं की फटाके वाजतात. वाजावेतच. पण त्या दिवसापासून त्या मतदारसंघाचा तारांकित, म्हणजे तोंडी उत्तर मिळणारा, प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जातो, हे किती मतदारांना ठाऊक असतं?

आणखी एक. या शहराचा रोजचा कारभार ज्या महानगरपालिका अधिनियमावर चालतो, तो १९४९ चा आहे. महाराष्ट्र राज्य १९६० चं, नगरपालिका १९८५ ची आणि महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ ची. शहरापेक्षा, एवढंच काय राज्यापेक्षाही त्याचा कायदा वयाने मोठा आहे. आपल्या प्रभागातून किती नगरसेवक निवडायचे हे बदलायचं तर तो कायदा बदलावा लागतो आणि तो बदलायचा अधिकार विधिमंडळाचाच.

घड्याळ कोणाच्या हाती?

सरकारी काम सभागृहात आपोआप पुढे सरकत नाही. त्यासाठी रोज वेळ मिळवावा लागतो आणि सभागृहात सगळ्यात महाग वस्तू कुठली असेल तर ती वेळच. अधिवेशन कधी बोलवायचं याची शिफारस मंत्रिमंडळ करतं, राज्यपाल अधिवेशन बोलावतात. नंतर कुठल्या विधेयकाला किती तास, कुठल्या दिवशी कुठली चर्चा, हे ठरतं कामकाज सल्लागार समितीत. अध्यक्षस्थानी विधानसभेचे अध्यक्ष, समोर सत्ताधारी आणि विरोधक दोघेही. टीव्हीवर एकमेकांवर तुटून पडणारे नेते या बैठकीत शेजारी शेजारी बसून तासांची वाटणी करतात. लोकसभेतली अशी समिती १५ जणांची आहे.

सरकारच्या बाजूने हे सगळं सांभाळतो संसदीय कार्यमंत्री. महाराष्ट्रात सध्या ही जबाबदारी चंद्रकांत पाटील यांच्याकडे आहे. दिल्लीत संसदीय कामकाजाचं स्वतंत्र खातं १९४९ मध्ये सुरू झालं. लोकसभेत आठवड्याच्या शेवटच्या बैठकीत, म्हणजे बहुधा शुक्रवारी, या खात्याचे मंत्री उभे राहून पुढच्या आठवड्याचं सरकारी कामकाज वाचून दाखवतात. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये हेच काम सभागृह नेता बहुधा गुरुवारी करतो. तिथे विरोधकांना वर्षाच्या अधिवेशनात २० दिवस हक्काने मिळतात, त्या दिवसांचा विषय विरोधकच ठरवतात. आपल्या लोकसभेत असे राखीव दिवस नाहीत. महाराष्ट्र विधानसभेत मात्र विरोधकांच्या हातात नियम २९३ ची चर्चा आणि नियम २९२ चा अंतिम आठवडा प्रस्ताव ही दोन चांगली हत्यारं आहेत. अंतिम आठवडा प्रस्तावात कायदा-सुव्यवस्थेपासून कापसाच्या भावापर्यंत काहीही येतं आणि मुख्यमंत्र्यांना त्यावर उत्तर द्यावं लागतं. अधिवेशनातली उत्तम भाषणं ऐकायची असतील तर त्या दिवशी ऐका.

एक कागद, ज्यात सगळं असतं

'दिवसाच्या कामकाजाचा क्रम' नावाची पत्रिका अधिवेशनात प्रत्येक दिवसासाठी निघते. ती कुणालाही वाचता येते आणि वाचायला अजिबात कठीण नाही. सुरुवातीला 'प्रश्नोत्तरे'. मग 'कागदपत्रे सभागृहासमोर ठेवणे', म्हणजे अहवाल, लेखे, अध्यादेश. त्यापुढे 'लक्षवेधी सूचना', प्रत्येकीखाली सदस्यांची नावं आणि एका दमात वाचता न येणारं एक लांबच लांब वाक्य, त्यात गावाचं नाव, तारीख, तक्रार आणि शासनाची भूमिका काय, हा प्रश्न. मग 'शासकीय विधेयके'. विधेयकाखाली एक ओळ असते : 'विचार, खंडशः विचार व संमत करणे'. कायदा जन्माला येतो तो या सहा शब्दांतून.

आपल्या गावाचं नाव त्या लक्षवेधीच्या लांबलचक वाक्यात सापडलं की होणारा आनंद काही वेगळाच असतो. लक्षवेधी नियम १०५ खाली येते. तिच्यावर मंत्र्यांना तिथल्या तिथे निवेदन करावं लागतं, वर उपप्रश्नांनाही तोंड द्यावं लागतं. म्हणूनच आमदारांची सगळ्यात जास्त झुंबड तिच्यावर. ढीग फारच साचला तर नेहमीच्या वेळेआधी सकाळी खास बैठक घेऊन लक्षवेधी संपवल्या जातात.

लोकसभेत प्रश्नांचं गणित ठरलेलं आहे. दिवसाला २० तारांकित, ज्यांना तोंडी उत्तर मिळतं, आणि २३० अतारांकित, ज्यांना लेखी. तास एकच, ११ ते १२. उपप्रश्न रंगले की वीसच्या वीस प्रश्नांची पाळी येत नाही. जे उरतात त्यांची उत्तरं लेखी मिळतात आणि ती कायमची नोंदली जातात. प्रश्नाची सूचना निदान १५ दिवस आधी द्यावी लागते. काल संध्याकाळी मीरा रोडला लोकल रखडली आणि आज सकाळी लोकसभेत तारांकित प्रश्न आला, असं होऊ शकत नाही. त्यासाठी तातडीचे विषय मांडायचा शून्य प्रहर आहे.

एका रुपयाची ताकद

अर्थसंकल्प मार्चमध्ये होतो, पण सरकारला वर्षभर पैसे लागतच राहतात. मग येतात पुरवणी मागण्या. ३० जून २०२५ रोजी, पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, महाराष्ट्र सरकारने ५७ हजार ५०९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या. या मागण्यांची पुस्तिका चाळणं हा माझ्या मते राजकारण समजून घेण्याचा सर्वोत्तम मार्ग आहे. सरकारच्या मनात खरोखर काय आहे, ते भाषणापेक्षा तिथे स्वच्छ दिसतं. कुठल्या खात्याची झोळी भरली, कुणाची रिकामी राहिली, सगळं आकड्यांत.

सगळ्या खात्यांवर चर्चा करायला वेळ पुरतच नाही. लोकसभेत ठरलेल्या शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. त्याला म्हणतात गिलोटिन. हजारो कोटी रुपये काही मिनिटांत मंजूर होतात. हे मला खटकतं आणि वाचकांनाही खटकावं.

कपात प्रस्तावाची रीत मात्र मजेदार आहे. सरकारचं धोरणच मान्य नसेल तर खासदार सुचवतो की या खात्याची मागणी एक रुपयावर आणा! एखादी नेमकी तक्रार मांडायची असेल तर १०० रुपये कापा म्हणायचं. प्रश्न पैशांचा नसतो, असा प्रस्ताव मंजूर झाला तर सरकारचा सभागृहावरचा ताबा सुटला असा त्याचा अर्थ होतो. एका रुपयात सरकार हलू शकतं.

पैशांच्या बाबतीत वरच्या सभागृहाचं फारसं चालत नाही. विधानसभेने मंजूर केलेलं धन विधेयक विधान परिषद फार तर १४ दिवस ठेवू शकते. साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचा वाद झाला, तर संसदेत संयुक्त बैठक घेता येते. ती आजवर तीनदाच झाली : १९६१, १९७८ आणि २००२. राज्यात तशी सोयच नाही. परिषद थोडा उशीर करू शकते, शेवटचा शब्द विधानसभेचा.

दारं बंद!

'अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.' मग एक घोष. 'प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.' दुसरा घोष. 'होयचे बहुमत, होयचे बहुमत, प्रस्ताव संमत झाला आहे.' बहुतेक कायदे असे आवाजावर होतात. कुणी मतविभागणी मागितली की खरी धावपळ सुरू होते. लोकसभेत साडेतीन मिनिटं घंटा वाजते, मग दारं बंद. बाकावरचं बटण दाबायचं : हिरवं अनुकूल, लाल प्रतिकूल, पिवळं तटस्थ.

दार बंद होणं म्हणजे खरोखर बंद होणं. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर विधानसभेत मतदान झालं. सदस्य एकेक करून उभे राहिले, मोजणी झाली, ठराव १६४ विरुद्ध ९९ मतांनी मंजूर. अशोक चव्हाण आणि विजय वडेट्टीवार यांच्यासारखे ज्येष्ठ नेते उशिरा पोचले आणि दाराबाहेरच राहिले. माजी मुख्यमंत्र्यालाही दार उघडलं नाही. नियम असावा तर असा. एका मताची किंमत पाहायची तर १७ एप्रिल १९९९ आठवा. लोकसभेत २६९ विरुद्ध २७० आणि वाजपेयी सरकार गेलं.

मतदानाच्या दिवशी सदस्य जागेवर हवेत म्हणून पक्षादेश निघतो. त्यातला मजकूर किती रेघांनी अधोरेखित आहे यावर त्याचं वजन ठरतं. एक रेघ साधी सूचना, तीन रेघा म्हणजे हजर राहा आणि सांगितलं तसंच मत द्या. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडला आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. लोकसभेत सरकारचा मुख्य प्रतोद म्हणजे खुद्द संसदीय कामकाज मंत्री. वेळ त्याने मिळवायचा, माणसंही त्यानेच जमवायची.

नाहीतर गणपूर्तीची पंचाईत! २८८ सदस्यांच्या विधानसभेत कामकाज चालायला किमान २९ जण हवेत, लोकसभेत ५५. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या चर्चेत एवढेही नसतात. कुणी बोट दाखवलं की घंटी वाजवून सदस्यांना बोलवावं लागतं.

शुक्रवारची दुपार

लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास सरकारचे नसतात. ते साध्या सदस्यांचे, म्हणजे अशासकीय विधेयकांचे आणि ठरावांचे. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आणि त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. पण आकड्यावर जाऊ नका. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी १९६७ मध्ये संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारं अशासकीय विधेयक मांडलं. त्यावर प्रचंड चर्चा झाली, विधेयक मात्र मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले आणि त्याच वर्षी सरकारने २४ व्या घटनादुरुस्तीने तोच विचार राज्यघटनेत आणला. कोकणातल्या एका खासदाराने शुक्रवारच्या दुपारी पेरलेलं होतं ते.

खुर्ची मराठी माणसाची

लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. मूळ घराणं रत्नागिरीकडचं, कर्मभूमी अहमदाबाद. लोकसभेआधी ते १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांच्याविरुद्ध त्यांना हटवण्याचा ठराव आला, लोकसभेतला असा पहिलाच. तो फेटाळला गेला. पुढे लातूरचे शिवराज पाटील १९९१ ते १९९६ आणि मनोहर जोशी २००२ ते २००४ या खुर्चीत बसले. शिवराज पाटील त्याआधी महाराष्ट्र विधानसभेचेही अध्यक्ष होते. आणि १९७२ ते १९७७ मध्ये विधानसभेचे अध्यक्ष कोण होते? शेषराव वानखेडे! चर्चगेटला पोचायच्या जरा आधी लोकलमधून जे स्टेडियम दिसतं, ते त्यांच्याच नावाचं.

खुर्ची रिकामी राहिली तरी सभागृह चालतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी राजीनामा दिला आणि जुलै २०२२ पर्यंत महाराष्ट्र विधानसभेला अध्यक्ष नव्हता. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि तालिका अध्यक्ष काम पाहत होते. याच काळात, ५ जुलै २०२१ रोजी, १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित करण्यात आलं. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य आहे. आमदार वर्षभर बाहेर राहिला तर शिक्षा त्याच्या मतदारांना होते, हा त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो.

उत्तनची शाळा

लोकप्रतिनिधींना कामकाज शिकवणारी एक नामांकित संस्था याच शहरात आहे, हे मीरा रोडच्या कित्येकांना माहीत नसतं. उत्तनच्या केशवसृष्टीतली रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी, स्थापना १९८२. रामभाऊ म्हाळगी १९५७ मध्ये मावळचे आमदार झाले, पुढे १९७७ आणि १९८० मध्ये ठाण्याचे खासदार. मतदारांना आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून देणारा लोकप्रतिनिधी अशी त्यांची ओळख होती. किती प्रश्न विचारले, काय उत्तर आलं, काम कुठे अडलं, सगळं मतदारासमोर. पक्ष कुठलाही असो, ही एक सवय प्रत्येक आमदाराने आणि खासदाराने उचलायलाच हवी.

'तपासून पाहू' वाया जात नाही

मंत्री सभागृहात 'तपासून कार्यवाही केली जाईल' म्हणाले की आपण मान हलवून सोडून देतो. सोडू नका. असं प्रत्येक वाक्य आश्वासन म्हणून टिपून ठेवणारी समिती असते. लोकसभेत ती मावळंकरांच्या काळात, १९५३ मध्ये सुरू झाली आणि आश्वासन पूर्ण करायला साधारण तीन महिन्यांची मुदत मिळते. विधानसभेतही आश्वासन समिती आहे, शिवाय विनंती अर्ज समिती आहे. मोठं विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तर नागरिकांच्या सूचना मागवल्या जातात. विशेष जनसुरक्षा विधेयकावर अशा १२ हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या. ते विधेयक १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत मंजूर झालं.

तेव्हा मीरा-भाईंदरकरांनो, पुढच्या अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की वाट पाहू नका. पाणी, पोलिस, मासेमारी, महापालिका यांची तक्रार आमदारांकडे द्या. लोकल आणि मिठागराची ठाण्याच्या खासदारांकडे. तारीख, ठिकाण, सरकारी पत्राचा क्रमांक यांसह एका पानात लिहून द्या आणि 'यावर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी द्यावी' असं स्पष्ट म्हणा. मग अधिवेशन सुरू झालं की रोजच्या कामकाजाच्या क्रमात आपल्या शहराचं नाव शोधा.